सर, एकदा परत सांगाल का?

रुग्णसुरक्षा हा भाग माझ्या वाट्याला आला तो मी नवा होतो म्हणून. नर्सिंग कॉलेजात वजनदार युनिटं जुन्या शिक्षकांकडे असतात. जे कोणी मागून घेत नाही ते नव्या ट्यूटरच्या नावावर पडतं. आयसीयूत बरीच वर्षं रात्रपाळ्या करून, मग एम.एस्सी. करून मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात लागलो होतो. सीनियर मॅडमनी पेन ड्राइव्ह हातात ठेवला आणि म्हणाल्या, “सोपं आहे सर. सहा गोल्स आहेत. दोन तासांत होतं.”

2021 साली भारतीय परिचर्या परिषदेचा बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आला, सेमिस्टर पद्धत आली, सिम्युलेशन आलं. माझ्या पेन ड्राइव्हमधलं पीपीटी मात्र त्याआधीचं असावं. जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेची सहा उद्दिष्टं त्यात रंगीत चौकटींत होती: रुग्णाची अचूक ओळख, नीट संवाद, धोक्याच्या औषधांची काळजी, योग्य रुग्णावर योग्य जागी योग्य शस्त्रक्रिया, संसर्ग टाळणं, रुग्ण पडू न देणं. मी पहिली चौकट दाखवली आणि मागच्या बाकापर्यंत सगळा वर्ग पुढच्या पाचही म्हणून मोकळा झाला. औषध देतानाचे ‘फाइव्ह राइट्स’ विचारले, तेही तालात आले. राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस, राइट रूट, राइट टाइम. हे सगळं यांना येतंय, मग मी काय शिकवायचं? उरलेल्या वेळाचं काय करायचं हे न कळून मी हजेरी घेतली.

दुसऱ्या दिवशी स्किल लॅबमध्ये मी एक खोडी केली. मॅनिकिनच्या मनगटावर भलत्याच नावाची पट्टी बांधली आणि केस पेपर दुसऱ्या नावाचा ठेवला. मुली एकेक करून येत होत्या, हात धूत होत्या, ट्रे सुंदर मांडत होत्या, शीर शोधत होत्या. पट्टी बांधलेल्या त्याच हाताला टुर्निकेट बांधत होत्या. नाव कोणीच वाचलं नाही. काल ‘राइट पेशंट’ सर्वांत मोठ्यानं म्हणणारीनं पट्टी सुईच्या आड येते म्हणून वर सरकवली.

माझा गोंधळ तिथून सुरू झाला. पाठ नाही म्हणावं तर तोंडपाठ आहे. हात वाईट म्हणावेत तर प्रोसिजर स्वच्छ आहे. या दोहोंच्या मधे काहीतरी गळत होतं आणि त्याला कुठल्या स्लाइडवर बसवायचं ते मला कळत नव्हतं.

क्लिनिकल पोस्टिंगला वॉर्डात गेल्यावर थोडं उलगडलं. पुस्तक सांगतं, ओळख पटवायला दोन खुणा घ्या, पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. वॉर्ड सांगतो, “सात नंबरला सेफ्ट्रायक्झोन दे गं.” मावशी, मामा, स्टाफ, डॉक्टर, सगळेच नंबरावर बोलतात. आणि दुपारी सात नंबरचे आजोबा पंख्याखाली झोप लागते म्हणून आपले आपण नऊ नंबरवर गेलेले असतात.

बरं, जन्मतारीख विचारावी तर आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी मांडली तीच पुढे आधार कार्डावर गेली. आमच्या मेडिसिन वॉर्डात एकाच आठवड्यात एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या दोन बाया होत्या, दोघींची तारीख एक जून, सालात काय तो फरक. एकीचा केस पेपर सासरच्या नावानं, आधार माहेरच्या नावानं. हे कुठल्याही परदेशी गाइडमध्ये लिहिलेलं नसतं. आम्ही वर्गात बसून ठरवलं की जन्मतारखेवर भिस्त ठेवायची नाही. पूर्ण नाव आणि केस पेपरचा नंबर, दोन्ही पट्टीशी ताडून बघायचे.

नाव विचारण्यातही गोम आहे. विद्यार्थिनी खाटेपाशी जाऊन विचारते, “तुम्हीच शांताबाई ना?” आजी मान हलवतात. त्यांना ऐकू कमी येतं, किंवा दवाखान्यात शिकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, किंवा इंजेक्शन एकदाचं होऊन जाऊ दे, काहीही असेल. मान मात्र हलते. म्हणून प्रश्न उघडा ठेवायचा: “आजी, नाव काय तुमचं? पूर्ण सांगा.” एवढा एक बदल मुलींच्या जिभेवर बसायला सहा गोल्सपेक्षा जास्त वेळ लागला. एकीनं तक्रार केली, “सर, सकाळीच नाव विचारलं होतं. परत विचारलं की आजी म्हणतात, इसरलीस व्हय गं?” यावर मी तिला सांगितलं की आजींना खरं कारण सांग, चुकीचं औषध तुम्हाला जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी विचारते. दुसऱ्या दिवसापासून आजी औषधाची ट्रॉली दिसली की दुरूनच नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव असं सगळं ओरडून सांगू लागल्या.

नवऱ्याचं नाव घेणाऱ्या त्या आजी तशा धीटच. बेशुद्ध नवऱ्याशेजारी बसलेल्या एका बाईंना विद्यार्थिनीनं त्याचं नाव विचारलं तर त्या लाजून गप्प. शेवटी बाहेर व्हरांड्यातून पुतण्याला बोलावून आणलं, त्यानं नाव सांगितलं. उखाण्यात नाव घेतात तशा घ्या म्हणावं, तर ती वेळ नव्हती.

इन्सुलिनचा तास मात्र चांगला झाला, कारण तिथे हातात धरून दाखवता येण्याजोगी वस्तू होती. आपल्या देशात इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीतलं बहुतेक 40 युनिट प्रति मिलिलिटर, पेनच्या काडतुसातलं 100. सिरिंजाही दोन, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची नारिंगी. डॉक्टरांनी लिहिलं 20 युनिट. 100 ताकदीचं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर किती गेलं? मी फळ्याकडे वळायच्या आत गणितात कच्ची म्हणून ओळखली जाणारी मुलगी म्हणाली, “पन्नास.” अर्धा मिलिलिटर, पन्नास युनिट, अडीचपट. साखर खाली, माणूस घामाघूम, पुढे बेशुद्ध. उलट केलं, म्हणजे 40 चं इन्सुलिन 100 च्या सिरिंजमध्ये 20 पर्यंत, तर जातात फक्त आठ. वर्गात एकदम शांतता झाली, कारण वॉर्डात सिरिंज बऱ्याचदा नातेवाईक मेडिकलमधून आणतात, आणि दुकानदाराकडे जी असेल ती येते.

मग त्याच मुलीनं विचारलं, “सर, मग दोन प्रकार ठेवलेच कशाला? एकच केला तर कोणी चुकणारच नाही.” मी तिला जाऊन प्रिन्सिपॉलच्या खुर्चीत बसवायचं बाकी ठेवलं होतं. रुग्णसुरक्षेचा सगळा आधुनिक विचार या प्रश्नात आहे. ‘नीट लक्ष द्या’ असं दहा वेळा बजावण्यापेक्षा चुकायची जागाच बुजवा. कडक पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल वॉर्डातल्या उघड्या कपाटात ठेवू नयेत हे त्याच विचारातलं: दहा मिलिलिटरची, पाण्यासारखी स्वच्छ, डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवली तर रात्री तीनला कोणाच्याही हातून उचलली जाईल अशी, आणि पातळ न करता शिरेत ढकलली तर हृदय थांबतं.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं भोकांच्या चीजचं चित्र मी याच तासाला दाखवलं. सुरक्षेचा प्रत्येक थर म्हणजे चीजचा काप, प्रत्येकात भोकं, भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. चीज त्यांना माहीत होतं ते चौकोनी, चांदीच्या कागदातलं. त्याला भोकं कुठली? मागून एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्या गोठ्यावर जुने पत्रे एकावर एक टाकलेत. प्रत्येकाला भोकं आहेत, पण म्हशीवर पाणी तेव्हाच पडतं जेव्हा भोकाखाली भोक येतं.” त्या दिवसापासून माझ्या पीपीटीतून चीज गेलं आणि गोठा आला.

एवढ्यावर मला वाटायला लागलं होतं की आता जमतंय. मग बोलण्याचा धडा आला आणि मी पुन्हा उताणा पडलो.

डॉक्टरांना रुग्णाची माहिती कशी द्यावी याची एक चौकट आहे, एसबार. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. पहिल्या दोन पायऱ्या मुली फर्ड्या सांगत. तिसरीला अडखळत, चौथीला गप्प. डॉक्टरांनी काय करावं हे मी कसं सांगू? रोल प्ले होता, डॉक्टर झालेली मुलगी त्यांच्याच होस्टेलच्या खोलीतली, गळ्यात लॅबचा स्टेथोस्कोप. तरी तिनं आवाज चढवल्याबरोबर समोरची म्हणाली, “हो सर. सॉरी सर.” मैत्रिणीला सर!

त्यांना हे शिकवलंय कोणी? आपणच. घरी उलट बोलू नये, शाळेत बोट वर केल्याशिवाय बोलू नये, वॉर्डात स्टाफच्या कामात तोंड घालू नये. केस बुकवर सही मॅडमची, इंटर्नल मार्क मॅडमचे, सुट्टीचा अर्ज मॅडमकडे. अशा मुलीला मी सांगतोय की तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला भर राउंडमध्ये ‘थांबा’ म्हण. मी स्वतः पुरुष असल्यानं वॉर्डात नातेवाईक मला न सांगता डॉक्टर समजतात. मला थांबवणं जितकं कमी लोकांना सुचतं, तितकंच मी बोललेलं जास्त लोक ऐकून घेतात. सिस्टरची तीच सूचना तिसऱ्यांदा सांगावी लागते. तेव्हा धीट व्हा असं सांगणं मला सोपं होतं, त्यांना ते ऐकणं तितकं सोपं नव्हतं.

शेवटी आम्ही वाक्यं ठरवली. धीट होण्यासाठी नाही, नुसती तोंडात असावीत म्हणून. पहिलं: “सर, एकदा परत सांगाल का?” ते नाही चाललं तर: “मला जरा शंका वाटतेय.” तेही नाही तर: “थांबा. पेशंटला धोका आहे.” आणि सराव माझ्यावर. मी डेमो देताना मुद्दाम चुका पेरायचो, जो पकडेल त्यानं वाक्य म्हणायचं. पहिल्यांदा वाक्य आलं ते इतक्या हळू की बाजूच्या एसीनं ते गिळलं. पुढेपुढे मात्र लॅबमध्ये असा गदारोळ व्हायला लागला की शेजारच्या वर्गातून विचारणा आली.

त्यात एक दिवस तो प्रश्न आला जो कधीतरी येणारच होता. “सर, आपल्याकडून चूक झाली आणि आपणच जाऊन सांगितलं, तर तुरुंगात टाकतात ना?” मोबाइलवर त्यांनी राडोंडा वॉटचं प्रकरण बघितलं होतं. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये डिसेंबर 2017 मध्ये या परिचारिकेनं औषधांच्या यंत्रकपाटातून शांत करणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम काढलं. रुग्ण गेली. चूक लक्षात आल्यावर तिनं ती लपवली नाही. मार्च 2022 मध्ये ज्यूरीनं तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं. मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं, परवाना आधीच गेला होता.

आणि इतक्या लांब जायची गरज काय? 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 बाळं गेली. त्याच नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागली, आणि त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. वायरिंग कोणाचं, अग्निशमनाची यंत्रणा कोणाची, आणि कोठडी कोणाला, हे माझ्या विद्यार्थिनींना नीट आठवत होतं. त्यातल्या एकीनं कायदाही वाचला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून घडला तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असणाऱ्यांना. आमची नावं नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये असतात.

माझ्याजवळ ‘जस्ट कल्चर’ची स्लाइड होती. चूक वेगळी, धोका पत्करणं वेगळं, बेपर्वाई वेगळी, तिन्हींना एकच शिक्षा नको, असं ती म्हणते. ती बरोबरच आहे. पण कलम 106 च्या पुढे ती लावायची मला लाज वाटली. मी स्टाफ रूममध्ये जाऊन सीनियर मॅडमना विचारलं. त्या पीपीटीबद्दल चुकल्या असतील, इथे नाही. म्हणाल्या, “घाबरू नका असं सांगू नका सर, घाबरण्यासारखं आहेच. लिहायला शिकवा. किती वाजता, कोणी सांगितलं, मी काय बघितलं, कोणाला कळवलं. नर्सेस नोट्स नीट असलेली पोरगी कोर्टातही उभी राहू शकते.” आमच्या व्यवसायात न लिहिलेलं काम हे न केलेलं काम धरतात. तो तास मी पूर्ण नोट्सवर घेतला.

सोबत वर्गात एक खोका ठेवला. वॉर्डात चूक होता होता राहिली असं जे काही दिसेल ते चिठ्ठीवर लिहायचं, स्वतःचं नाव घालायचं नाही, दुसऱ्या कोणाचंही नाही. मला वाटलं होतं मुली आपल्या गफलती लिहितील. चिठ्ठ्या उघडल्या तर भलतंच. दोन भरलेल्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये, दोन्हींवर लेबल नाही. खाटेचा कठडा तुटलेला, बँडेजनं बांधलेला. संडासापाशी फरशी कायम ओली. सुईला परत टोपण घालताना दिसल्या. बेसिनपाशी साबण नाही, आणि ही चिठ्ठी सर्वांत जास्त वेळा. हात चोळून धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात हे आम्ही सेकंदकाटा लावून घोटलं होतं. साबणाशिवाय किती लागतात?

चिठ्ठ्या घेऊन मी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सारला, एकेक वाचली आणि ड्रॉवरमधून स्वतःचं रजिस्टर काढलं. साबणाची मागणी तारीखवार लिहिलेली, कठड्याची दुरुस्ती तीन वेगळ्या साहेबांच्या सह्यांसह. “मला हे माहीत नाही असं वाटलं का सर? रात्री पूर्ण वॉर्डाला दोन स्टाफ आहेत आणि तुमच्या पोरी. लेबल लावायला थांबले तर पुढच्या इंजेक्शनला उशीर, उशीर झाला की नातेवाईक अंगावर.” मी रागवायला गेलो नव्हतो, तरी वरमलो. मात्र त्या आठवड्यात साबण आला. कॉलेजनं विकत घेऊन दिला. रुग्णालयाची मागणी अजून रजिस्टरमध्ये आहे.

17 सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो. जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून तो पाळते. 2025 चा विषय नवजात बाळं आणि मुलं असा होता. आमच्याकडे रांगोळी स्पर्धा, पोस्टर स्पर्धा, नारिंगी फिती आणि शपथ. पहिला नंबर हात धुण्याच्या रांगोळीला. वाईट नव्हती, पण मुलींचे दोन दिवस त्यात गेले आणि त्या दोन दिवसांत नवजात कक्षाला आग लागली तर बाळं कुठल्या दारानं, कोणी, कशात घालून न्यायची हे चालून बघता आलं असतं. मी तशी सूचना केली. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं.

परीक्षा हा माझ्या हाती लागलेला एकच खरा मार्ग. आमच्या मुली मार्कांसाठी काहीही करतात, तर मार्क तिथेच ठेवावेत. प्रॅक्टिकलच्या अंतर्गत परीक्षेत मी एक टेबल वाढवलं. टेबलावर पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल, सिरिंज, मॅनिकिन, आणि डॉक्टर म्हणून उभा मी. मी घाईत म्हणायचो, “के.सी.एल. एक अँप्यूल आय.व्ही. पुश, स्टॅट.” उत्तर होतं, न देणं. ऑर्डर परत म्हणून दाखवायची, विचारायचं, तरी आग्रह झाला तर नाही म्हणायचं आणि इन्चार्जला बोलवायचं.

काहींनी अँप्यूल सुरेख फोडली. काहींनी सिरिंज भरली आणि हात हवेत थांबवला. एक मुलगी, ती गणितातली कच्ची, अँप्यूलला हातच लावेना. खाली बघत उभी राहिली, घाम पुसला, आणि म्हणाली, “सर, एकदा परत सांगाल का?” मी परत तेच सांगितलं, आवाज चढवून. तिनं नकार दिला. बाहेर जाऊन ती रडली, कारण तिला वाटलं की काहीच केलं नाही म्हणजे शून्य. तिला पूर्ण मार्क आहेत हे ऐकल्यावर इंजेक्शन सफाईनं दिलेल्या दोघी माझ्याशी भांडायला आल्या: सर, तुम्हीच ऑर्डर दिली होती! त्यांच्याशी बोलताना मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय मी शिकवतोय.

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत या टेबलाला जागा नाही. तिथे सहा गोल्सच लिहायचे असतात, आणि मुली ते छान लिहितात.

तुम्हा वाचकांपैकी कोणी ना कोणी या वर्षी कुठल्यातरी खाटेवर किंवा खाटेशेजारी असेल. पांढऱ्या ॲप्रनमधली एखादी विद्यार्थिनी तासाभरात दुसऱ्यांदा नाव विचारेल. मान हलवू नका, पूर्ण नाव सांगा, केस पेपर पुढे करा. सिरिंजमध्ये काय आहे आणि कशासाठी, हे तिला विचारा. मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणायला सांगितली तर 40 ची की 100 ची हे चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि ती डॉक्टरांसमोर अडखळत काही विचारत असेल, तर निदान तुम्ही तरी तिला ‘लवकर आटप’ म्हणू नका.